सॉरी नव्हे, सरी

"या मुलाने निदान सॉरी तरी म्हटलं," मॅनेजर साहेब कारखान्यातल्या सगळ्या असेंब्ली खात्यासमोर हिंदीत म्हणाले. "चूक असेंब्लीची. याला माफ केलं."

मी गारच झालो. मी सॉरी म्हटलंच नव्हतं.

झालं होतं असं. पंपाच्या झाकणाला बोल्ट बसेनात. भोकं सरकलेली. पूर्वी आम्ही सरळ भोकं पाडणाऱ्या मशीन शॉपमध्ये जाऊन सांगायचो. हे नवे साहेब आले आणि त्यांनी दोन खात्यांमधे पिवळी रेघ मारली. तक्रार आपल्या फोरमनकडे, त्याने त्यांच्या फोरमनकडे. तोवर इकडे झाकणांचा ढीग.

आदल्या दिवशी मी रेघ ओलांडून ड्रिलवरच्या मुनियण्णांकडे गेलो. त्यांनी जिग तपासला. जिग म्हणजे भाग घट्ट धरणारा साचा. त्यात ड्रिलला वाट दाखवणारी पोलादी नळी असते, ती बुश. "बुश झिजलंय, बदलतो," ते म्हणाले. "सरी अण्णा, सरी," मी म्हटलं. कन्नडमध्ये सरी म्हणजे बरोबर, ठीक. साहेब नेमके मागे उभे होते. साहेब उत्तरेकडचे. त्यांनी ऐकलं सॉरी.

आमचे फोरमन राजाराव बंगळूरच्या चामराजपेटचे, मराठी पण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. सातवीत शाळा सुटलेल्या माझ्यासारख्याला निपाणीहून आल्या आल्या त्यांनीच चिकटवलं होतं. धाकट्या भावाला सांगावं तसे ते माझ्या कानाशी आले.

"तम्मा, स्वल्प गप्प राहा रे. परमनंट हो, मग काय ते बोल."

पण ठपका त्यांच्याच खात्यावर बसत होता. मी पुढे झालो.

"साहेब, मी सॉरी नाही म्हटलं. सरी म्हटलं. बुश झिजलंय, हे बरोबर, एवढंच."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचा चेहरा लाल.

"म्हणजे तुला पश्चात्ताप नाही?"

"नाही, साहेब."

"पुन्हा रेघ ओलांडशील?"

"भोक चुकलं तर ओलांडीन."

राजारावांनी डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि म्हणाले, "साहेब, मीच पाठवीन त्याला."

माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. राजारावांना मेमो मिळाला. बुश बदललं, बोल्ट बसले. ठपका असेंब्लीवरून उतरला, पण तसं कोणी मोठ्याने म्हणालं नाही. रेघही तशीच राहिली. सोमवारी राजारावांनी माझं वर्कबेंच उचलून बरोब्बर तिच्या काठाशी ठेवलं. पलीकडे हाताच्या अंतरावर मुनियण्णांचं ड्रिल. बसल्या जागी बोलायला नियमात कुठे बंदी नव्हती.

खाती वेगळी करता येतात. बोल्ट मात्र एका खात्याने पाडलेल्या भोकात दुसऱ्या खात्याला बसवावा लागतो.