कमळपक्ष्याचं तळं आणि सावंतांची शिट्टी

टिटवाळ्याजवळच्या एका तळ्यावर आम्ही दर रविवारी कमळपक्षी बघायला जातो. दर खेपेला तळं थोडं लहान झालेलं असतं आणि आमच्याकडचे किस्से वाढलेले असतात. पोचेपर्यंत माझं आपलं एकच चालू. आज पाणी असेल ना? की भराव?

*

पहिल्याच रविवारी आमच्या दुर्बिणी बघून एक बाई थांबल्या.

"सर्व्हेवाले का? टॉवर कधी होणार इथे?"

"नाही हो, पक्षी बघतोय. कमळाच्या पानांवर चालतो तो. फार थोडे उरलेत."

"अय्या, छान! कितव्या मजल्यावरून दिसेल?"

*

या पक्ष्यात मादी अंडी घालून निघून जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं नराकडे. आमच्या ग्रुपमधल्या मेधाने हे घरी मोठ्या उत्साहाने सांगितलं. नवऱ्याने पेपर वर धरला. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "अगं, मग एवढ्या चांगल्या जातीला वाचवायलाच हवं!"

*

गेल्या वर्षी जलपर्णी काढायला आम्ही कॉलेजची मुलं बोलावली. मुलं एवढी जोशात, की जलपर्णीबरोबर कमळंही उपटायला लागली! मेधा काठावरून ओरडतेय, "अरे, ते नको! ते घर आहे त्याचं!"

"टेन्शन नका घेऊ मॅडम, घर पण एकदम क्लीन करतो!"

त्या वर्षी एकही घरटं झालं नाही. मला अजून राग येतो, आमचाच.

*

यंदा एक घरटं झालं, आणि त्याच आठवड्यात डेब्रिजचे डंपर सुरू. फोन केले, तक्रारी केल्या, कोणी दाद देईना. आमच्यातले सावंत एसटीच्या खोपट डेपोतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी जुनी शिट्टी काढली आणि वळणावर जाऊन उभे राहिले.

"पुढे रस्ता बंद! मागे घे... येऊ दे, येऊ दे... वळव!"

डंपर निमूट वळला. कोणत्या अधिकारात, हे ड्रायव्हरने विचारलंच नाही!

*

परवाच्या रविवारी मात्र डंपरमधून जागेचे मालकच उतरले. बळीरामदादा, मूळचे इथलेच शेतकरी. बायको गेल्यावर तीन पोरी त्यांनी एकट्याने वाढवल्या, हे सगळ्या गावाला ठाऊक.

"जागा माजी हाय. बाजूला व्हा."

सावंत हलले नाहीत. "गाडी फलाटाला लागलीय, दादा. चार पॅसेंजर आहेत."

"कंची गारी?"

सावंतांनी दुर्बीण पुढे केली. कमळाच्या पानांमध्ये नर चार अंड्यांवर बसलेला. दादा बराच वेळ बघत राहिले.

"यांची आय कुठं हाय?"

"ती नसते, दादा," मी म्हटलं. "बापच सांभाळतो."

दादांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. तसेच मागे हात करून ड्रायव्हरला म्हणाले, "इंजिन बंद कर रं. त्यो घाबरंल."