चाचांचा कापूस आणि माझी दुर्बीण

वडूजला थंडी येते ती आमच्या शेजारच्या चाचांना विचारून येते, अशी आमच्या सबंध गल्लीची ठाम समजूत आहे. चाचांचा धंदा गाद्या भरण्याचा. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. वारे, हवेचे दाब, ऋतुचक्र हे सगळं फळ्यावर काढून काढून माझा खांदा कायमचा धरला. घरी ओसरीत तापमापक टांगलाय, दुर्बीण आहे, नोंदवही आहे. तरी दिवाळी सरली, गोधड्या काढायची वेळ आली की गल्लीतल्या बायका माझ्या दारावरून सरळ पुढं जातात आणि चाचांना विचारतात, "आवं चाचा, वाकळा टाकू का उन्हात?" इतरांचं सोडा, आमच्या घरातले स्वेटरसुद्धा चाचांच्या परवानगीशिवाय ट्रंकेतून निघत नाहीत. माझा जळफळाट होतो. हे मी आता मोकळेपणानं सांगून टाकतो, कारण लपवून उपयोग नाही. आमच्या हिला तो माझ्या तोंडावर लगेच दिसतो.

चाचांची थंडी मोजायची तऱ्हा ऐका. रोज संध्याकाळी ते सायकलवरून येरळा नदीच्या काठानं निघतात आणि ठरलेल्या जागी कापसाचा एकेक बोळा ठेवतात. एक पुलाजवळच्या दगडावर, एक बाभळीच्या काट्यावर, असं करत करत शेवटचा थेट येरळवाडी धरणाच्या तलावाकाठी. पहाटे पुन्हा जाऊन प्रत्येक बोळा मुठीत पिळायचा आणि दवाचे थेंब मोजायचे. "पुलाजवळचा कापूस आज पाच थेंब बोलला, तळ्याचा अकरा. अजून आठ दिस वाकळंला हात लावू नगा," असा निकाल द्यायचा. गल्लीच्या ग्रुपवर हे थेंब रोज टाकले जातात. माझ्या तापमापकाचा आकडा मी एकदा टाकला, तर त्यावर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, बस्स. मीही गुपचूप गच्चीवर बोळा ठेवून पाहिला. तो खारीनं नेला.

बरं, नुसत्या कापसावर भागतं म्हणाल तर तसंही नाही. काल धुकं गुडघ्याला होतं आणि आज कमरेला आलं, शाळू ज्वारीच्या पानावरचं दव आज ऊन चढेपर्यंत टिकलं, काठाची ओली रेघ चार बोटं खाली सरकली, हे सगळं त्यांना तोंडपाठ. एकदा माझ्याबरोबर चालता चालता ते एकदम थांबले. "ऐका गुरुजी. आज पाणी गप झालंय." मला काल आणि आज यांत काडीचा फरक कळेना. "कालपतूर हितं खळखळ व्हती. आज धार दगडाखाली गेली." मी वाकून पाहिलं. गेली होती. मला त्या दगडाचासुद्धा राग आला.

पण खरी मानाची गोष्ट एकच. दर हिवाळ्यात तलावावर चक्रवाकांची पहिली जोडी उतरते, केशरी-तांबूस अंगाची मोठी बदकं, ती आधी कुणाला दिसते? सलग अकरा वर्षं चाचांना. मी दुर्बीण लावून बसतो आणि त्यांना ती उघड्या डोळ्यांनी दिसतात. बढाई मारतील तर शपथ! उलट सकाळी माझी कडी वाजवतात. "गुरुजी, पाव्हणं आलं. चला, दावतो." त्यांनी बढाई मारली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

गेल्या हिवाळ्यात माझा धीर सुटला. टपरीवर चहा पिताना, चारचौघांत, मी म्हणालो, "काल संध्याकाळी जोडी आली. मी पाहिली." धादांत खोटं. चाचांचा कप बशीवरच राहिला.

"कुठं?" त्यांनी एवढंच विचारलं.

"पलीकडच्या काठाला."

टपरीवरच्या लोकांनी माझं कौतुक केलं. आयुष्यात इतका गोड चहा मी प्यालो नव्हतो.

चाचा तीन पहाटा पलीकडचा काठ पालथा घालून आले. चौथ्या दिवशी त्यांची सायकल भिंतीला टेकलेलीच दिसली. त्या सकाळी पहिल्यांदा बायका माझ्या दारात आल्या. "चाचा म्हंत्यात, आता गुरुजींना इचारा." मी तापमापक पाहिला, घसा साफ केला आणि वाकळा उन्हात टाकायला सांगितल्या. दुपारी आभाळ भरून आलं आणि गल्लीतली प्रत्येक वाकळ भिजली. आमचीसुद्धा. हिनं ती ओलीच आणून माझ्या तापमापकाच्या खिळ्याला टांगली.

त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून चाचींचा आवाज आला, "गुरुजींचीच नजर चुकली आसंल की." त्यावर चाचा म्हणाले, "मास्तर मानूस उगं कशाला बोलंल? माझंच डोळं गेलं. सोमवारी कऱ्हाडला दावून येतो. आन् गाद्यांच्या शिलाईचं काम आता दुसऱ्या कुनाला देऊ."

मला जेवण गेलं नाही. ज्या नजरेवर मी अकरा वर्षं जळत होतो, तिच्यावरचा त्यांचाच विश्वास मी एका कपभर चहापायी उडवला होता. सकाळी त्यांच्या दुकानात गेलो. ते अर्धवट भरलेल्या गादीशेजारी नुसतेच बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "चाचा, जोडी आलीच नाही. मी खोटं बोललो."

शिव्या खायची माझी तयारी होती. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हंजी माझं डोळं धड हायती?"

"धड आहेत."

"आगं ए, ऐकलंस का!" ते आत चाचींना ओरडले. "डोळं धड हायती!" माझ्या खोटेपणाबद्दल एक अवाक्षर नाही. याचाही मला थोडा हेवा वाटला, काय करू?

दुसऱ्या पहाटे आम्ही दोघं तलावावर गेलो. चाचा शेवटचा बोळा उचलायला वाकले, आणि समोरच्या धुक्यातून दोन केशरी पाखरं पाण्यावर उतरली. पहिली जोडी. दुर्बीण गळ्यातच होती, उघड्या डोळ्यांनी दिसली. अकरा वर्षं ज्यासाठी जीव टाकला तो शब्द ओठांवर आला. चाचा खाली मान घालून मोजत होते, "सात... आठ..." मी ओठ घट्ट मिटले आणि मुद्दाम धरणाच्या भिंतीकडं तोंड फिरवलं. फार जड गेलं, खोटं कशाला सांगू.

चाचांनी मान वर केली आणि दवानं ओल्या झालेल्या हातानं माझं मनगट धरलं.

"गुरुजी! आलं! पाव्हणं आलं!"

मी भिंतीकडंच बघत विचारलं, "कुठं?"