अख्खी सीट

"सरका जरा, जागा हुती."

पवनानगर ते कामशेत या रस्त्यावर गेली बावीस वर्षं हे चार शब्द ऐकल्याशिवाय बजरंगभाऊची जीप हललेली नाही. गाडी भरली असं इतरांना वाटतं, तेव्हा बजरंगभाऊ मान वळवून मागं बघतो आणि सावकाश तेवढंच म्हणतो. मग कुणी पोट आत ओढतं, कुणी गुडघे वळवतं, कुणाची पिशवी टपावर जाते आणि दारात उभा असलेला माणूस खरोखरच आत मावतो. त्याच्या मागचाही मावतो. शाळेची पोरं तर त्याच्या लेखी माणसांत धरलेलीच नाहीत. पोर म्हटलं की मांडीवर. कुणाचंही पोर, कुणाच्याही मांडीवर. येळसेला चढलेलं पोर कडध्याच्या मावशीच्या कुशीत झोपून जातं आणि उतरताना तिच्या पिशवीतला पेरू खात उतरतं.

त्याची स्वतःची लेक समीक्षा याच जीपमध्ये वाढली. तिची जागा पुढं, बापाच्या शेजारी. बोलता यायला लागल्यापासून थांबे तीच पुकारायची. बापाचे चार शब्द तिनं इतके उचलले होते, की घरी ताटावर बसतानासुद्धा आईला म्हणायची, सरका जरा.

आणि गेल्या पंधरवड्यात ती जीपमध्ये बसायचीच थांबली. शाळेला जायला सकाळी सातची येष्टी धरायची, उभ्यानं जायची, उभ्यानं यायची. विचारलं तर "काही नाही." पुन्हा विचारलं तर तेच, पण दार जरा जोरात लागायचं. बजरंगभाऊनं बायकोला, शालनला विचारून पाहिलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, पोरीला तेरावं लागलंय, तिचं तिलाच काय कळंना, तुम्हांला कुठून कळणार.  नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस बजरंगभाऊ. आडरस्त्याला कुणाची गाडी अडली की लोक त्याला बोलवत. पण पुढची सीट रिकामी ठेवून रोज पवनानगर सोडताना त्याला कशातलंच काही कळत नव्हतं. लेक पुन्हा शेजारी येऊन बसावी, एवढंच त्याला हवं होतं.

अशात शाळेच्या अनघाबाईंनी वर्गातल्या मुलींना लोणावळ्याला सिनेमा दाखवायचं ठरवलं. चित्रांचा सिनेमा, मराठीत बोलणारा, मोठं होणाऱ्या मुलांसाठीचा. गाडी अर्थातच बजरंगभाऊची. बरोबर प्रदीपही निघाला. तो याच रस्त्यावरचा जीपवाला, त्याची गाडी लोणावळ्याच्या गॅरेजात पडून होती, ती आणायची होती. समीक्षाला या दिवशी बापाची जीप टाळता येईना. ती सगळ्यांत मागच्या बाकावर, दाराला चिकटून, रस्त्याकडं तोंड करून बसली.

थेटरात पोचल्यावर अनघाबाईंनी दोघा ड्रायव्हरांनाही आत घेतलं. बजरंगभाऊला वाटलं होतं, ससा-कासव असलं काहीतरी असेल, आपण डुलकी काढू. पण डुलकी लागली नाही. सिनेमातल्या मुलीच्या छातीत एक झाड होतं आणि झाडाच्या एकाच फांदीवर चार पाखरं. एक गाणारं, एक रडणारं, एक चोची मारणारं, एक सारखं दचकणारं. मुलगी लहान होती तोवर चौघांचं बरं चाललं होतं. ती तेरा वर्षांची झाली आणि कुठूनसं पाचवं पाखरू आलं. बारीक मानेचं, तांबूस, पाय लांबलचक. नाव त्याचं ओशाळी. फांदीवर त्याला कुणी जागा देईना. ते बिचारं टोकाला एका पायावर लोंबकळत होतं. खाली खोल दरी. सगळं थेटर श्वास धरून बसलं होतं.

बावीस वर्षांच्या सवयीनं बजरंगभाऊच्या तोंडून निघून गेलं, "सरका जरा, जागा हुती."

चांगलं मोठ्यानं निघालं. आधी पवनानगरच्या पोरी हसल्या, मग अनघाबाई, मग ओळख ना पाळख असलेले पुढच्या रांगेतले लोकही हसले. बजरंगभाऊही हसला आणि हसता हसता त्यानं रांगेत लेकीला शोधलं.

समीक्षा हसत नव्हती. तिनं मान खांद्यांत ओढून घेतली होती आणि वेणीचं टोक दातांत धरलं होतं. पडद्यावर त्याच वेळी त्या तांबूस पाखरानं डोकं पंखाखाली घातलं.

बजरंगभाऊ एकदा पडद्याकडं बघे, एकदा लेकीकडं. ही अशी मान आपण नुकतीच कुठंतरी बघितलीय. कुठं बरं? आणि मग त्याला ते आठवलं. पंधरा दिवसांमागचा सोमवार. जीप गच्च, मागं समीक्षाच्या वर्गातली पोरं-पोरी. भाजीची पाटी घेऊन आक्काबाई आली, तेव्हा त्यानं लेकीला पुढच्या सीटवरनं उठवलं, आक्काबाईला तिथं बसवलं आणि म्हणाला होता, घ्या हिला मांडीवर. लेक बसली. पाय खाली टेकत होते, डोकं टपाला लागत होतं. आक्काबाईपेक्षा ती बोटभर उंचच भरली असती. कामशेतपर्यंत तिची मान अशीच खांद्यांत होती. आणि आपल्याला वाटलं, पोर पेंगतंय.

पुढचा सिनेमा त्यानं अर्धाच बघितला. शेवटी त्या चार पाखरांनी कुरकुर करत जागा केली एवढं मात्र त्याला दिसलं.

बाहेर आल्यावर प्रदीप म्हणाला, "भाऊ, थेटरवाल्यांना सांगतो, तुमाला हितंच ठिवून घ्या. दर खेळाला लागताल." समीक्षाची मैत्रीण चैताली वडापाव खात म्हणाली, की काकांमुळंच त्या पाखराला जागा मिळाली. कोण कुठलं पाखरू यावरून पोरींचं भांडण थेट कामशेतपर्यंत पुरलं. प्रदीपची गाडी काही दुरुस्त झाली नव्हती, म्हणून येतानाही तो पुढंच बसला होता, बाईंच्या शेजारी. बजरंगभाऊ एरवी घाटातसुद्धा बोलतो. आज तो आरशातून मागं बघत मुकाट गाडी चालवत होता.

कामशेतच्या चौकात आक्काबाई उभी होती. बाजार उरकला होता, पाटी रिकामी. जीप दिसल्याबरोबर तिनं सवयीनं मागचं दार उघडलं.

"समे, ऊठ गं. मी टेकते, तू बस मांडीवर."

पोरींची बडबड थांबली. कुणीतरी खुदकन हसलं. आरशात बजरंगभाऊला लेकीची मान खांद्यांत आणि वेणीचं टोक दातांत जाताना दिसलं. चार शब्द ओठांवर आले होते. ते त्यानं गिळले, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि खाली उतरून मागच्या दाराशी आला.

"आक्काबाई, तुमी फुडं बसा. बाईंच्या शेजारी."

"तितं परद्या हाय की. आरं, पोरगी घेते मांडीवर. रोजचंच हाय."

"न्हाई," बजरंगभाऊ हळूच म्हणाला, दाराशी असलेल्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आता तिची अख्खी सीट."

आक्काबाईनं समीक्षाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "व्हय बाई," ती म्हणाली, "माझ्याच मांडीचा भुगा झाला असता." आणि पाटी उचलून पुढं गेली. पोरी हसल्या. समीक्षाच्याही दातांतून वेणी सुटली.

बजरंगभाऊनं किल्ली प्रदीपच्या हातात दिली. "तू घे गाडी. मी येतो येष्टीनं."

प्रदीप स्टिअरिंगमागं सरकला. आपली गाडी बजरंगभाऊनं आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. पण तो प्रदीपच. म्हणाला, "भाऊ, आज तुमीच सरकला की."

बजरंगभाऊनं त्याला क्लच अर्धाच दाबायला सांगितलं, टपावर एक थाप मारली आणि तो निघाला. बाजार उठत होता. कोथिंबिरीच्या काड्या आणि उसाची चिपाडं तुडवत तो येष्टीच्या थांब्याकडं चालला. हातांत चाक नव्हतं, म्हणून हातांचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. शेवटी त्यानं ते पाठीमागं बांधले. त्याला एवढं लांब चालताना समीक्षानं कधी बघितलंच नव्हतं. डावा पाय तो जरा आत टाकतो, हेही तिला आजच दिसलं.

जीप वळली तशी मागच्या काचेत चैतालीचा खांदा आडवा आला.

"सरक जरा," समीक्षा म्हणाली.

चैताली सरकली. काचेला नाक लावून समीक्षा बघत राहिली, पांढरा सदरा माणसांत मिसळेपर्यंत.