न ओरडणारा खलनायक

वडशातला आमचा शेजारी शिंपी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या गावोगावच्या नाटकांत खलनायक होतो. शिवताना मोबाइलवर इटलीवाल्यांचा एकच जुना काऊबॉय सिनेमा लावतो. म्हणतो, "याच्या आधीचे काऊबॉय धुतलेले देव होते, बाई. यानं त्याईले मळकं केलं, चूप केलं. मंग सारेच तसे बनवू लागले."

यंदा त्याने नाटकातही ओरडणं सोडलं. नाटक कंपनीच्या मालकाने बजावलं, "डायलॉग मार, नाईतर उद्या दुसरा आणतो."

तरी त्या रात्री तो रंगमंचावर डोळे बारीक करून नुसता उभा राहिला. प्रेक्षकांत माझ्या मागून कोणी म्हणालं, "इसरला का बे?" कोणी हसलं नाही. माझ्या तोंडातला चणा चावायचा राहिला.

सकाळी मालक दुकानात येऊन त्यालाच पुढच्या गावचा प्रयोग सांगून गेला. मी म्हटलं, "काल तुयं भेव वाटलं मले." तो बटण लावत राहिला, पण हसला.