सांगलीच्या विमानतळावर भाच्याची वाट पाहिल्याबाबत

विषय : दिल्ली ते सांगली विमानप्रवासास लागणारा वेळ.
संदर्भ : भाच्याचा साखरपुडा.

उपरोक्त विषयी सविनय सादर की, गाढवपणा माझा एकट्याचा आहे. घ्या चहा, सांगतो.

माझी धाकटी बहीण सुमन सांगलीला असते. तिचा संदीप फौजेत, दिल्लीला. साखरपुड्यासाठी जेमतेम चार दिवसांची सुट्टी. मुलीकडची मंडळी वाईहून येणार, कार्यक्रम दुपारी तीनला. संदीपचा मला साताऱ्याला फोन आला, "मामा, सकाळी सातला बसतो, नवाला उतरतो. तुमी गाडी घेऊन विमानतळावर या."

आता माणसानं विचारावं की नाही, कुठल्या विमानतळावर? पण मी जन्मभर प्रवासभत्त्याच्या टेबलावर बसलेला कारकून. दोन गावांमधलं अंतर मी दुसऱ्याला विचारू? मोबाईलवर 'दिल्ली ते सांगली' घातलं. उत्तर आलं : विमानाने दोन तास. सात आणि दोन नऊ. जुळलं! आणि जुळलं की कारकून पुढचं वाचत नाही.

सांगलीला विमानतळ होणार, हे मी नोकरीला लागल्यापासून पेपरात वाचतोय. म्हटलं, एव्हाना झाला असेल.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी सहाला शेजारच्या दिनकरची जीप सांगितली. हायवेला येताच दिनकरनं ती पुण्याच्या दिशेला घातली.

"तिकडं कुठं? सांगलीला घे."

"आवं काका, इमान पुण्यात उतरतंय न्हवं?"

"तू गाडी चालव. अंतराचं मला सांगू नकोस."

"बरं," तो म्हणाला. असलं 'बरं' मी साहेबांना तीस वर्षं म्हणत आलोय, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

नऊच्या आत सांगलीबाहेर पोचलो. बांधावर एक म्हातारबा बसले होते.

"विमानतळ कुठंशी आला?"

"त्यो काय," त्यांनी हात केला. तिकडं म्हशी चरत होत्या.

"मग इमानं कवा उतरत्यात?" दिनकरनं विचारलं. मुद्दाम.

"म्हशी हलल्या की! आमचा बा बी वाट बघूनच गेला. बसा सावलीला."

तेवढ्यात फोन वाजला.

"मामा, भाईर हुबा हाय मी. कुठं हाय तुमी?"

"विमानतळावरच आहे." खोटं नव्हतं!

"मग दिसंना का?"

"आपल्यात थोडं अंतर आहे."

"किती?"

एवढ्या वर्षांचा सराव, आकडा तोंडावरच होता. "सव्वादोनशे किलोमीटरच्या वर."

पलीकडे फौजी माणूस, मामाला शिवी देता येईना.

नवरदेव एस.टी.नं पाच वाजता पोचला. तोवर वाईकरांचा तीनदा चहा झाला होता. तिसऱ्या चहाला मुलीच्या आत्यानं विचारलं, "मुलगा नक्की येणार आहे ना?" सुमननं माझ्यापुढचा कप उचलून नेला. अंगठ्या झाल्या, पेढे वाटले. मी निघताना ती एवढंच म्हणाली, "दादा, लग्नात मामा म्हणून तू नको उभा राहूस. आपल्या चुलतभावाला सांगते."

घरी येऊन रीतसर अर्ज केला : 'नवरदेवामागे मामा म्हणून उभे राहण्याचा मान पूर्ववत मिळणेबाबत.' सुमननं त्रुटी काढून परत पाठवला : 'लग्न वाईला आहे. साताऱ्याहून वाई कोणत्या दिशेला, हे अर्जदाराने स्वहस्ते लिहून द्यावे.'

लिहून दिलं. 'उत्तरेला.' पाठवण्याआधी दिनकरकडून तपासून घेतलं.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.