मुखत्यारपत्रावरचा अंगठा

वर्दी उतरवून मला तीन वर्षं झाली. बाकीची प्रकरणं पुसट झाली, पण गुंजवण्याकडच्या त्या पिकअपची चौकशी आजही जशीच्या तशी आठवते.

सकाळची हजेरी संपत होती. एक गृहस्थ तक्रार अर्ज घेऊन आले. त्यांचा थोरला भाऊ आजारपणात वारला होता. भावाची पिकअप आता पुतणीच्या नावावर होती. ती रोज त्यातून दूध भोरला न्यायची. तिचं आणि आईचं घर त्यावरच चालायचं. अर्जदाराचं म्हणणं, कागद खोटे आहेत.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं, म्हणून ठाण्यात इंग्रजी कागद माझ्याकडे येत. आरटीओकडून नावबदलाच्या कागदांची प्रत मागवली. मर्यादित मुखत्यारपत्र होतं, फक्त गाडीच्या नोंदणीची कामं मुलीने करण्यापुरतं. खाली वडिलांचा अंगठा, नोटरीचा शिक्का, तारीख मृत्यूच्या दोन दिवस आधीची. नोटरीच्या रजिस्टरमध्ये मात्र अंगठ्याची जागा कोरी होती.

मृताच्या पत्नीला बोलावलं. "त्यांनीच दिला अंगठा," एवढंच त्या म्हणत राहिल्या. मला दरडावणं कधी जमलं नाही. मी गप्प बसायचे. बहुतेकांना ती शांतता सोसत नाही. या बाईंना सोसली.

मग भावकीतल्या एका आजोबांना भेटले. प्रेताला आंघोळ त्यांनी घातली होती. "म्या दोनदा साबण लावला, ताई. अंगठ्याची शाई न्हाई गेली. हात लावला तवा ओलीच व्हती." दोन दिवसांपूर्वीची शाई ओली राहत नाही.

आजोबांचं हे बोलणं ऐकवल्यावर बाईंनी खरं सांगितलं. आजारी माणसाला आणू नका, अंगठा घरीच घ्या, असं म्हणून नोटरीने आधीच शिक्का मारून दिला होता. अंगठा घ्यायच्या आधीच नवरा गेला. माणसं जमायच्या आत बाईंनी शाईचं पॅड काढलं.

"त्यांना घरातनं न्यायच्या आधी गाडीचं मालक त्येच की, मॅडम. लेकीला द्यायचं त्यांच्याच मनात व्हतं."

गुन्हा दाखल करावाच लागला. पिकअप ठाण्याच्या आवारात उभी राहिली. खोटा कागद करणारा प्रत्येक जण काही लाटायला निघालेला नसतो, हे मी तिथे शिकले.

जबाब लिहून झाल्यावर मी बाईंना समजावलं. माणूस गेला की त्याने दिलेलं मुखत्यारपत्रही संपतं. आणि त्याची गरजही नव्हती. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद दिले असते, तर गाडी रीतसर नावावर झाली असती. दिराचा त्यात हक्क नव्हता.

त्या हळूच म्हणाल्या, "मंग तेवढा येळ मी त्यांचा हात नुसता धरून बसले असते."

ते वाक्य गुन्ह्याला लागू नव्हतं, म्हणून मी जबाबात घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, असं आता वाटतं.