पखवाजाची कणीक

हिंदमातापर्यंत हरेश्वर बरा चालला. शिवाजी पार्कच्या डॉक्टरांकडून निघाल्यापासून मालन नवऱ्याच्या अर्धं पाऊल मागेच होती. बसची पायरी त्याला चढवत नसे, म्हणून करी रोडला घरी चालतच जायचं ठरलं होतं. साड्यांच्या दुकानासमोर मात्र त्याचे पाय फुटपाथला चिकटले.

"काका, बाहेर का उभे? आत या की," गल्ल्यावरचा माणूस म्हणाला.

"साडी नको भाऊ, पाय रुसलेत ह्यांचे," मालन म्हणाली.

डॉक्टरांनी आजच समजावलं होतं. कंपवातात मेंदूतल्या लहरी एकमेकींना घट्ट धरून बसतात, वेळेवर सुटत नाहीत. चिमूट उघडमीट करायला सांगितली की सुरुवात बरी होते, मग हालचाल लहान लहान होत थांबते. चालण्याचंही तेच. बाहेरून ठेका मिळाला तर पाऊल सुटतं.

ते ऐकून मालनने मान खाली घातली होती. चाळीच्या भजनात पखवाज हरेश्वरचाच असे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला दर गुरुवारी ती कणकेचा गोळा मळून द्यायची. गिरणीच्या संपात पिठाचा डबा तळाला गेला, तरी देवाचा गोळा चुकला नाही. पण पोरी उपाशी निजायला लागल्या, तेव्हा संप चालू असतानाच हरेश्वर मागच्या दाराने गिरणीत कामाला शिरला. त्या गुरुवारी त्याचा जिवलग धर्मा सगळ्यांदेखत म्हणाला, "हरेश्वर, पखवाज ठेव." ह्याने बोटाने कणीक खरवडली आणि उठला. पुढच्या गुरुवारी मालनने सवयीने गोळा मळला. त्याची पोळी केली, ती कुणी खाल्ली नाही.

गिरणी पुढे बंदच पडली. धर्माची नोकरी गेली तशी ह्याचीही गेली. पखवाज आता धर्मा वाजवतो. एका चाळीत राहून दोघं बोलत नाहीत, आणि हरेश्वर घरच्या आरतीलासुद्धा टाळी वाजवत नाही.

मालनने पिशवीतला रिकामा डबा काढला, नामाचा गजर पुटपुटत त्यावर बोटं वाजवू लागली. पाऊल सुटलं. परळपर्यंत ती दोघं तशीच आली. मग तो आपणहून थांबला. थरथरता हात त्याने डब्यावर ठेवला.

"अगो, तुझा ठेका धावतो," तो म्हणाला. "धर्माचा धावत नाही. भिंतीतून ऐकतो ना मी."

मालनला हसू आलं, आणि डोळेही भरले.

"येत्या गुरुवारी गोळा मळ. तूच घेऊन जा त्याच्याकडे. माफीबिफीचं काढू नकोस. म्हणावं, तू वाजव, हरेश्वर तुझ्या दारापर्यंत चालत येतो."